जिएङांची भाषा, रोमन अक्षरं आणि आपली वर्णमाला

तुमच्या पत्रात तीन प्रश्न आहेत. पुण्यात तुमच्याबरोबर शिकणारा दक्षिण सुदानचा मित्र दिवसभर फोनवर डिंका बोलतो, पण लिहायची वेळ आली की इंग्रजीकडे वळतो, असं का? डिंकाला स्वतःची लिपी नाही, तिने रोमन घेतली. त्याऐवजी देवनागरी जास्त चांगली बसली नसती का? आणि तिसरा प्रश्न अगदी कामाचा आहे: त्याचं नाव कॉलेजच्या स्मरणिकेत देवनागरीत कसं छापायचं? कागदपत्रांवर ते रोमनमध्ये डी-ई-एन-जी असं आहे आणि तुम्ही 'डेंग' असं ठरवलं आहे.

मी ध्वनिलेखन शिकवते. न लिहिलेल्या किंवा अर्धवट लिहिलेल्या भाषा कानाने ऐकून कागदावर उतरवायच्या, हे माझं काम. पुण्यात सुदानचे विद्यार्थी बऱ्याच वर्षांपासून येत आले आहेत आणि त्यांत दक्षिणेकडचेही असतात. अशाच एका विद्यार्थ्यामुळे मी या भाषेपाशी पोहोचले आणि मग तिने मला सोडलं नाही. तेव्हा उत्तर लांबणार आहे.

आधी नावाविषयी. 'डिंका' हे बाहेरच्यांनी रूढ केलेलं नाव. ते लोक स्वतःला जिएङ म्हणवतात. भाषेच्या नावाचा उच्चार साधारण 'तुऑङजाङ' असा होतो, म्हणजे त्या लोकांचं तोंड. 'तोक' म्हणजे तोंड, आणि तोंड हाच भाषेसाठीचा शब्द. शेजारचे न्युएर लोकही आपल्या भाषेला 'तोक नात' म्हणतात, आणि शिल्लुकांच्या भाषेच्या नावातही तोंडच आहे. या तिन्ही भाषा नायलोटिक, म्हणजे नाईलच्या परिसरातल्या भाषांच्या, कुळाच्या पश्चिम शाखेतल्या. केनियातली लुओ याच शाखेची, मासाई पूर्व शाखेची आणि कालेंजिन दक्षिण शाखेची. जिएङ हा दक्षिण सुदानमधला सर्वांत मोठा समाज आहे. बहर अल-गझलच्या पाणथळ गवताळ प्रदेशापासून श्वेत नाईलच्या पूर्वेला बोरपर्यंत तो पसरलेला आहे. भाषेच्या बोली अनेक आहेत. रेक, आगार, बोर आणि पादाङ हे त्यांतले मोठे गट. एका टोकाच्या माणसाला दुसऱ्या टोकाचं बोलणं समजायला कष्ट पडतात.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळते, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्या पोटात आहे.

डिंकातली व्यंजनं वीस. त्यांतली पंधरा स्पर्श (हवा क्षणभर अडवून सोडलेली) आणि अनुनासिकं (नाकातून येणारी) आहेत, आणि त्यांची मांडणी पाहिली की मराठी माणसाला घरी आल्यासारखं वाटतं. ओठांवर प, ब, म. दातांवर त, द, न. दातांच्या मागे हिरडीवर ट, ड आणि आणखी एक न. टाळूवर च, ज, ञ. कंठात क, ग, ङ. आपण शाळेत जे पाच वर्ग घोकले तेच पाच, फक्त प्रत्येकातली ख-घ सारखी महाप्राण अक्षरं काढून टाकलेली. हिरडीवरचा 'ट' आपल्या 'ट'इतका जीभ मागे वळवून होत नाही, पण 'त'पेक्षा तो वेगळा आहे हे आपल्या कानाला लगेच कळतं. आपल्या वर्णमालेत ज्यांना जवळजवळ काम उरलेलं नाही ते ञ आणि ङ तिथे दर वाक्यात राबतात. 'वाङ्मय' सोडलं तर मराठीत ङ छापायची वेळ किती वेळा येते? डिंकात 'वेङ' म्हणजे गाय. पाच अनुनासिकं पाच वेगळ्या अर्थांसाठी रोज वापरणारी भाषा मला भेटली तेव्हा पाणिनीच्या परंपरेने आखलेला तो तक्ता मी नव्याने पाहिला, हे मनापासून सांगते. उरलेली पाच व्यंजनं म्हणजे र, ल, व, य, आणि 'गझल' शब्दाचा अस्सल उर्दू उच्चार करताना सुरुवातीला येतो तसा घर्षणाचा ग. स नाही, श नाही, फ नाही.

रोमन लिपीने हे कसं सोडवलं? तिच्याकडे त आणि ट यांच्यासाठी एकच अक्षर. ज्यांनी लेखन ठरवलं त्यांच्यात इंग्रजी बोलणारे बरेच होते, आणि इंग्रजी 'टी' हिरडीवरचा असतो. म्हणून साधा टी हिरडीच्या ध्वनीला मिळाला आणि दातांवरच्या 'त'साठी टी-एच अशी जोडी केली. तसंच द साठी डी-एच, आणि दातांवरच्या न साठी एन-एच. या एचमध्ये श्वास अजिबात नाही, ती केवळ खूण आहे. इथे मराठी वाचक हमखास फसतो. मीही फसले. जिएङांच्या परमेश्वराचं नाव रोमनमध्ये एन-एच ने सुरू होतं. पहिल्या बैठकीत मी ते 'न्हाणं'तल्या न्हने वाचलं. समोरचा मुलगा क्षणभर थांबला, मग त्याने जीभ दातांना लावून मला 'निआलिच' असं तीनदा म्हणून दाखवलं. तेव्हापासून टी-एच पाहून मी कधी 'थ' म्हटलेलं नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न आला होता, फक्त उत्तर उलट दिलं गेलं. जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात छापलं गेलं ते रोमन लिपीत. रोमी कोंकणी आजही लिहिली जाते. तिथे साधा टी दंत्य 'त'चा, आणि 'ट' दाखवायला तेच अक्षर दोनदा. पोर्तुगीज कानाला 'त' ओळखीचा होता, इंग्रजी कानाला 'ट'च्या जवळचा ध्वनी. ज्याचा कान, त्याचं साधं अक्षर.

डिंका कागदावर यायला सुरुवात झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात, श्वेत नाईलवरच्या कॅथलिक मिशनमुळे. मिशनऱ्यांनी जमवलेल्या सामग्रीवरून मिट्टररुट्झनर यांनी केलेलं डिंकाचं व्याकरण १८६६ मध्ये तेव्हाच्या ऑस्ट्रियातल्या ब्रिक्सेनला छापलं गेलं. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बोरजवळ मालेकला अँग्लिकन मिशन सुरू झालं, पश्चिमेकडे वाऊ भागात इटालियन पाद्री काम करत होते. प्रत्येकाची अक्षरं वेगळी, कारण प्रत्येकाची मातृभाषा वेगळी आणि प्रत्येकाने ऐकलेली बोलीही वेगळी.

हा गोंधळ मिटवायला एप्रिल १९२८ मध्ये, आज दक्षिण सुदानची राजधानी असलेल्या जुबाजवळच्या रेजाफ गावी सरकार आणि मिशन यांची परिषद भरली. भाषातज्ज्ञ म्हणून जर्मन अभ्यासक डीड्रिख वेस्टरमान होते. त्यांनी शिल्लुक भाषेवर १९१२ मध्येच ग्रंथ लिहिला होता. परिषदेने दक्षिण सुदानच्या शाळांसाठी नऊ भाषा निवडल्या: डिंका, न्युएर, शिल्लुक, बारी, लोतुको, मोरू, झांदे, न्दोगो आणि क्रेश. लेखनासाठी 'आफ्रिका वर्णमाला' म्हणून तेव्हा नव्याने मांडलेली पद्धत घेतली. रोमनमध्ये जे ध्वनी नाहीत त्यांना चिन्हांचे ढीग लावण्याऐवजी नवी अक्षरं द्यायची, हा तिचा विचार. म्हणून डिंकात आज चार अक्षरं इंग्रजीबाहेरची आहेत: शेपूट असलेला एन म्हणजे ङ, उलटा सी म्हणजे आपला ऑ, उलट्या तीनच्या आकड्यासारखं दिसणारं अक्षर म्हणजे ए आणि ॲ यांच्या मधला स्वर, आणि ग्रीक गॅमासारखं ते घर्षणाच्या गसाठी. व्यंजनांपुरतं पाहिलं तर रेजाफचं काम चोख आहे. शंभर वर्षं होत आली तरी मला त्यात बदलावंसं काही दिसत नाही.

अडचण स्वरांची आहे.

डिंकात मूळ स्वर सात. इ, ए, ए-ॲच्या मधला, आ, ऑ, ओ, उ. इथपर्यंत मराठी माणूस सुखाने चालतो. पण हे स्वर दोन प्रकारच्या आवाजात येतात, एक स्वच्छ आणि एक श्वासमिश्रित. श्वासमिश्रित म्हणजे काय ते मराठी माणसाला फार समजावावं लागत नाही. 'म्हातारा', 'कोल्हा', 'भाऊ' म्हणताना व्यंजनाबरोबर जी हवा सुटते तीच हवा डिंकात स्वराच्या अंगभर पसरते. गुजराती बोलणाऱ्यांच्या तोंडून 'बार' म्हणजे बारा आणि 'बहार' म्हणजे बाहेर हे शब्द ऐकून पाहा. दुसऱ्यातला ह वेगळा उच्चारला जात नाही, तो 'बा'च्या स्वरातच विरघळतो. डिंकात हा भेद सर्वदूर आहे. लेखनात तो स्वरावर दोन टिंबं देऊन दाखवतात. फक्त उ ला टिंबं देत नाहीत, कारण तो बहुतेक बोलींत नेहमी श्वासमिश्रितच असतो. तेव्हा रंगाने वेगळे स्वर झाले तेरा.

आता लांबी. मराठीत आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहितो, पण बोलताना 'सुत' आणि 'सूत' यांतला फरक क्वचितच कुणी करतं. शुद्धलेखनाच्या गुणांसाठी तो सांभाळला जातो. डिंकात लांबी जिवंत आहे, आणि ती दोन नव्हे, तीन पायऱ्यांची आहे: आखूड, मध्यम, लांब. जगात असं फार थोड्या भाषांत आढळतं. एस्टोनियन हे त्यातलं प्रसिद्ध उदाहरण. डॅनिश अभ्यासक टॉर्बेन अँडरसन यांनी १९८७ मध्ये आगार बोलीच्या ध्वनिव्यवस्थेत ही तिहेरी लांबी मांडली. नंतर २००८ मध्ये बर्ट रेमायसन आणि लिओमा गिली यांनी लुआन्यजाङ बोलीत ती यंत्राने मोजून दाखवली. शाळेतलं लेखन मात्र दोनच लांब्या ओळखतं: स्वर एकदा लिहिला किंवा दोनदा.

आणि सर्वांवर सूर. बोलीप्रमाणे तीन किंवा चार. वरचा, खालचा, घसरणारा. मराठीतही सूर आहे, पण तो वाक्याला असतो: 'तू जाणार' आणि 'तू जाणार?' डिंकात तो प्रत्येक अक्षराला, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्याला, असतो. लेखनात सूर अजिबात दाखवत नाहीत.

हिशेब करून पाहा. तेरा स्वर, तीन लांब्या: एकोणचाळीस. त्यांना किमान तीन सुरांनी गुणलं की शंभराच्या वर शक्यता होतात, आणि त्या सगळ्या एका आखूडशा शब्दात. कारण डिंकाचे मूळ शब्द बहुतेक एकाच अक्षराचे असतात: व्यंजन, स्वर, व्यंजन. शब्दाला शेपट्या फारशा लागत नाहीत. व्याकरण घडतं ते शब्दाच्या पोटात, स्वरामध्ये.

हे समजायला मला वेळ लागला, म्हणून थोडं थांबते. मराठीत झाड-झाडं, घोडा-घोडे, म्हणजे बदल टोकाला दिसतो. डिंकात 'टिम' म्हणजे झाड आणि 'टीम' म्हणजे झाडं (देवनागरीतून हे ओबडधोबडच उतरतं). 'डॉम'सारखा उच्चार असलेला शेतासाठीचा शब्द अनेकवचनी 'डुम'च्या जवळ जातो. काही ठिकाणी शब्दच बदलतो: 'रान' म्हणजे माणूस, 'कॉच' म्हणजे माणसं, 'वेङ' म्हणजे गाय, आणि गायींसाठीचा शब्द त्या घर्षणाच्या गने सुरू होणारा 'गॉक'. इतकं तर लेखनात दिसतं. पण कित्येक नामांत एकवचन-अनेकवचनाचा फरक केवळ सुरात किंवा लांबीच्या तिसऱ्या पायरीत असतो, आणि तो कागदावर येत नाही. क्रियापदातही तेच. काम बोलणाऱ्यापासून दूर होतं आहे की त्याच्याकडे येतं आहे, कुणासाठी केलं जातं आहे, हे आपण 'जाऊन', 'येऊन', 'साठी' असे शब्द जोडून सांगतो. डिंकात त्याच एका अक्षराच्या स्वराची लांबी, श्वास आणि सूर बदलून ते सांगितलं जातं.

विभक्तीचंही ऐका. डिंका वाक्यात ज्याच्याविषयी बोलायचं ते नाम आधी येतं, मग तो कर्ता असो वा कर्म. कर्ता क्रियापदाच्या मागे गेला की त्याचा सूर बदलतो आणि ऐकणाऱ्याला कळतं की करणारा हा. मराठीत 'वाघाने गायीला मारलं' आणि 'गायीला वाघाने मारलं' यांत घोटाळा होत नाही, कारण 'ने' आणि 'ला' आपापलं काम करतात. समजा उद्या ठरलं की 'ने' आणि 'ला' बोलायचे, पण छापायचे नाहीत. वाचणारा मराठी माणूस मागचापुढचा संदर्भ पाहून अर्थ लावेलच. पण प्रत्येक ओळ दोनदा वाचेल.

कुणी म्हणेल, सगळ्याच लिप्या काही ना काही गाळतात. खरं आहे. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे 'जिवंत राहा'. ज वेगळा, अक्षर एक. 'चार' आणि 'चारा' यांतला च एकच लिहितो आणि वेगळा बोलतो. आपल्याला त्याचा त्रास होत नाही. मी वर्गात हेच उदाहरण आधी देते आणि मग विचारते: असे शब्द तुम्हाला एका पानावर किती सापडतात? दोन, चार. मराठी लिपीने जे गाळलं ते शब्दांच्या कडेचं आहे. डिंकाच्या लिपीने जे गाळलं त्यावर वाक्य उभं असतं. माझं सगळं म्हणणं या एका फरकावर आहे. लिपी चांगली की वाईट हे अक्षरं मोजून ठरत नाही. तिने गाळलेल्या गोष्टीवर भाषेने किती भार टाकला आहे, त्यावर ते ठरतं.

रेजाफमध्ये जमलेल्या लोकांना दोष द्यावासा मला वाटत नाही. त्यांच्यातल्या कुणाची मातृभाषा अशी नव्हती. व्यंजनं त्यांना ऐकू आली, स्वरांचे रंग थोडे ऐकू आले, लांबीची तिसरी पायरी आणि सुरांचं व्याकरण त्यांच्या कानातून निसटलं. टेपरेकॉर्डर नव्हता, मोजणारं यंत्र नव्हतं. मिशनऱ्यांच्या सुरुवातीच्या मजकुरात ती दोन टिंबंसुद्धा एकसारखी सापडत नाहीत; ती शिस्त नंतर आली.

मग देवनागरी? व्यंजनांसाठी ती रोमनपेक्षा नेटकी ठरली असती, याबद्दल मला शंका नाही. त-ट, द-ड, ञ, ङ सगळं जागच्या जागी. पण स्वरांपाशी तीही तशीच अडते. मराठीच्या देवनागरीत ए आणि ओ ला ऱ्हस्व-दीर्घ नाही. इथे त्यांच्या तीन-तीन लांब्या हव्यात. श्वासासाठी स्वरावर खूण नाही. आपण तो व्यंजनाला ह जोडून लिहितो, आणि इथे तसं केलं की वाचणारा व्यंजनच महाप्राण करून टाकेल. सुरासाठीही काही नाही. गुरुमुखीने पंजाबीचे सूर दाखवले आहेत, पण ते जुन्या घ-झ-ढ-ध-भ या अक्षरांना नवं काम देऊन. डिंकाकडे तशी मोकळी अक्षरं नाहीत. म्हणजे देवनागरी घेतली असती तरी नव्या खुणा घडवाव्या लागल्याच असत्या. मग रोमनवर दोन टिंबं दिली काय आणि देवनागरीवर दिली काय.

शिवाय तिथे लिपी हा निव्वळ सोयीचा विषय कधीच नव्हता. सुदान १ जानेवारी १९५६ ला स्वतंत्र झाला आणि राजधानी खार्टूमच्या सरकारने दक्षिणेला अरबीकडे वळवायचं धोरण धरलं. १९५७ मध्ये मिशनच्या शाळा ताब्यात घेतल्या गेल्या. त्या काळात खलील असाकिर या इजिप्शियन भाषातज्ज्ञाने दक्षिणेतल्या काही भाषांसाठी, त्यांत डिंकाही, अरबी लिपीतलं लेखन तयार केलं. तज्ज्ञ म्हणून त्यांचं काम मी कमी लेखणार नाही. ङ, ञ आणि सात स्वर अरबी अक्षरांत बसवणं हे कठीण काम आहे. पण ती पुस्तकं मुलांना आपल्या भाषेतून अरबीकडे नेण्यासाठी होती, हे शिकणाऱ्यांना आणि त्यांच्या आईबापांना कळत होतं. १९६४ मध्ये परदेशी मिशनऱ्यांना दक्षिणेतून घालवलं गेलं. सरकार आणि दक्षिणेतले बंडखोर यांच्यातल्या लढाया चालूच होत्या. १९७२ च्या अदिस अबाबा करारानंतर शांतता आली. त्या दशकात मारिदी इथे प्रादेशिक भाषांची संस्था सुरू झाली आणि रोमन लिपीतली वाचनपुस्तकं पुन्हा तयार होऊ लागली. १९८३ मध्ये युद्ध पेटलं आणि ते काम विस्कटलं. रोमन अक्षरं परक्यांनीच आणली होती, पण या सगळ्यातून जाताना ती जिएङांची झाली. आज त्यांना आणखी एक परकी लिपी सुचवणं, मग ती देवनागरी का असेना, मला योग्य वाटत नाही. ध्वनी शिकवायला वर्गात तिचा उपयोग करा, मी करते. त्याच्या पुढे नको.

आता तुमच्या मित्राकडे येऊ. तो इंग्रजीत का लिहितो? त्याच्या वयाची मुलं युद्धात वाढली. अनेकांचं शिक्षण केनियातल्या काकुमासारख्या छावण्यांत किंवा युगांडात झालं, इंग्रजीतून. डिंका वाचायला शिकवलं असेल तर ते बहुधा चर्चमध्ये, भजनांच्या आणि बायबलच्या पुस्तकांवरून. दक्षिण सुदान ९ जुलै २०११ ला स्वतंत्र झाला. राज्यघटनेने सगळ्या देशी भाषांना राष्ट्रीय भाषा म्हटलं, सरकारी कामाची भाषा इंग्रजी ठेवली, आणि २०१२ च्या शिक्षण कायद्याने पहिल्या तीन इयत्ता मातृभाषेत शिकवायचं ठरवलं. पण त्याआधी, २००९ च्या पाहणीत पंधरा वर्षांवरच्या साधारण २७ टक्के लोकांनाच लिहितावाचता येत होतं, आणि डिसेंबर २०१३ मध्ये देशात पुन्हा युद्ध सुरू झालं. कायदा वर्गापर्यंत पोहोचायला शिक्षक लागतात, पुस्तकं लागतात, आणि मुलं एका गावी टिकावी लागतात.

त्यात भर म्हणून फोन. ङसाठीचा शेपटीवाला एन साध्या कीबोर्डवर नसतो. त्याहून मोठी अडचण टिंबांची. उलटा सी आणि त्यावर दोन टिंबं, किंवा उलटा तीन आणि त्यावर दोन टिंबं, यांना युनिकोडमध्ये एकसंध जागा नाही; अक्षर वेगळं आणि टिंबं वेगळी टाकून जोडावी लागतात. फॉन्ट नीट नसेल तर टिंबं शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. मराठी टंकलेखन करणाऱ्यांना हे दुखणं ठाऊक आहे. 'ॲ'ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधी आपण अ वर चंद्र चढवून भागवत होतो, आणि आजही 'ॲप' दोन तऱ्हांनी लिहिलेलं असल्यामुळे शोधताना सापडत नाही. आपला एक ॲ होता. त्यांच्याकडे असे शब्द प्रत्येक ओळीत आहेत. म्हणून तरुण मुलं टिंबं गाळतात, ङ ऐवजी एन-जी लिहितात, उलट्या सीऐवजी साधा ओ. सूर आणि तिसरी लांबी आधीच गेलेली, आता श्वासही गेला. असा संदेश वाचण्यापेक्षा आवाज रेकॉर्ड करून पाठवणं सोपं, आणि तो नेमकं तेच करत असणार. फोनवर दिवसभर डिंका चालते म्हणालात ना? आपल्या भाषेचा कमीपणा वाटतो म्हणून तो इंग्रजीत लिहितो, असं कृपया समजू नका.

त्याला लिहितं करायचं असेल तर एक करून पाहा. त्याला गुरांविषयी विचारा. जिएङांकडे गुरांच्या रंगांसाठी आणि ठिपक्यांसाठी इतके शब्द आहेत की आपल्या ढवळ्या-पवळ्या, कपिला, बांड्या यांची आठवण यावी आणि मग त्यांच्याही पुढे जावं. बैलाचं नाव पुष्कळदा 'मा'ने सुरू होतं आणि तेच माणसाचंही होतं: माबिओर म्हणजे पांढरा बैल, मालुआल तांबडा, माजोक काळा-पांढरा. दक्षिण सुदानच्या लढ्याचे नेते जॉन गरांग यांच्या पूर्ण नावातला माबिओर तो हाच. पुरुष आपल्या बैलावर गाणी रचतात. माझ्याकडे आलेल्या मुलाने पहिल्या महिन्यात वाक्यं सांगायला कंटाळा केला, पण बैलाचं गाणं सांगायला लागला तेव्हा दोन तास थांबला नाही. ते उतरवून मी त्याला परत वाचून दाखवलं, तर एकच शब्द म्हणून मी तीन ठिकाणी लिहिलेलं अक्षर त्याच्या तोंडी तीन वेगळे शब्द निघाले. त्याने माझी वही घेतली आणि समासात स्वतः टिंबं द्यायला सुरुवात केली. सूर दाखवायला त्याने वर-खाली छोट्या रेघा काढल्या. त्या कुठल्याही पुस्तकातल्या नव्हत्या. ती वही मी जपून ठेवली आहे.

सूर लिहावा की नाही, याबद्दल माझं मत विचाराल तर: सगळ्या शब्दांवर नको. पान काट्यांनी भरून जातं आणि वाचणारा आणखी मंदावतो. जिथे संदर्भाने अर्थ लागत नाही तिथेच, आणि विशेषतः मागे आलेल्या कर्त्यावर, एक खूण असावी. पण हे ठरवायचं ते बोर आणि वाऊच्या शिक्षकांनी, मुलांना वाचायला लावून, कुठे अडखळतात ते पाहून.

राहिलं नाव. 'डेंग' छापू नका. मराठी वाचक त्यातला ग स्वच्छ उच्चारेल, आणि अनेकांना चिनी नेत्याचं नाव आठवेल. रोमनमधला शेवटचा एन-जी म्हणजे एकच ध्वनी, ङ. त्यात ग नाही. सुरुवातीचा डी साधा आहे, एच नसलेला, म्हणजे हिरडीवरचा, म्हणून ड योग्य. 'डेङ' छापा. या शब्दाचा अर्थ पाऊस, आणि तेच एका दैवताचंही नाव. स्मरणिकेत ओळख लिहिताना हे द्यायला हरकत नाही, त्याला आवडेल. स्वर त्याच्या बोलीत ए कडे झुकतो की ॲ कडे, ते त्याच्याकडून नाव दोन-तीनदा म्हणवून घेऊन ठरवा. आणि मुद्रितशोधकाला आधीच सांगून ठेवा. ङ चं टिंब शाईचा डाग समजून उडवलं गेलेलं मी पाहिलं आहे, आणि मग छापून येतं 'डेड'. शेवटचं प्रूफ स्वतः पाहा, आणि त्यालाही दाखवा.